फरक पडेल, पण किती?

राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा तलाव, त्यावरून वस्तीचे नाव अधारताल. जबलपूरच्या या भागात, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या जवळ, एका मराठी घरात माझे जाणे-येणे आहे. घरातल्या काकू नागपूरच्या. तिथल्या मेडिकल कॉलेजमध्ये प्लास्टिक सर्जरीच्या आणि भाजलेल्यांच्या वॉर्डात त्या सिस्टर होत्या. काकांना विश्वविद्यालयात नोकरी लागली तशा त्या जबलपूरला आल्या आणि निवृत्तीपर्यंत इथेही रुग्णालयातच राहिल्या. त्यांची पुतणी शहरातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे. म्हणजे येणाऱ्याला डॉक्टरांच्या आधी भेटायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे, उपचार समजावायचे, दर सांगायचे, तारखा द्यायच्या.

तुळशीचे लग्न लागले की क्लिनिकमध्ये नवऱ्यामुलींची आणि नवरदेवांची रीघ लागते आणि या घरात वादाला तोंड फुटते. या वर्षी निमित्त झाले शेजारच्या मुलीचे.

काकू : बघितलंस तिला? लग्न बारा दिवसांवर आणि दोन्ही गालांवर काळे चट्टे. पार्लरवाल्या दीदीने पील लावलं म्हणे. उजळायला गेली आणि डाग घेऊन आली. हा तुमचा धंदा.

पुतणी : आमचा नाही, काकू. पार्लर वेगळं, क्लिनिक वेगळं. आणि पील वाईट नसतं. लग्न दोन आठवड्यांवर आलेलं असताना आयुष्यातलं पहिलं पील करणं वाईट. आमच्याकडे आली असती तर मी परत पाठवली असती.

काकू : पैसे सोडून?

पुतणी : हो, पैसे सोडून. कारण बारा दिवसांत काय होणार हे मला माहीत आहे. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिकचं हलकं पील केलं की चेहरा लाल होतो, दोन-तीन दिवस ताणल्यासारखा वाटतो, मग पापुद्रे सुटायला लागतात. हे आठवडाभर चालतं. पापुद्रा आपोआप पडू दिला तर ठीक. नखाने ओढला, की खाली डाग. तिने ओढलाच असणार, घरात पाहुणे यायला लागले होते ना.

मी त्या मुलीला पाहिले आहे. उजव्या गालाच्या हाडावर अंगठ्याएवढा तपकिरी डाग, कडेला अजून सुटायचा राहिलेला पापुद्रा, आणि त्यावर फाउंडेशन थापलेले. ते पापुद्र्याखाली जाऊन आणखी उठून दिसत होते. डोळ्यांत पाणी आणून ती विचारत होती, की हे लग्नापर्यंत जाईल ना. जाणार नव्हते. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा स्वभावच असा, की तिला कुठेही इजा झाली, भाजले, ओरखडले, मुरूम फोडला, तर तिथल्या रंगपेशी जास्तीचा रंग सोडतात. तो डाग हळूहळू फिका होतो, पण त्याला महिने लागतात, आणि ऊन लागत राहिले तर त्याहून जास्त. गोऱ्या कातडीवर ज्या उपचाराने नुसती लाली येऊन जाते, त्याच उपचाराने आपल्याकडे काळा ठसा उमटू शकतो. परदेशी व्हिडिओ पाहून अपेक्षा बांधणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी.

काकू : मग तुम्ही लोक हे बाहेर फलकावर का लिहीत नाही?

पुतणी : फलकावर नाही, पण तोंडाने सांगते मी. लग्नासाठी काही करायचं तर तीन-चार महिने आधी या. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा बसावं लागेल. शेवटची बैठक लग्नाच्या तीन आठवडे तरी आधी. रोज सनस्क्रीन, ढग असले तरी. आणि जबलपूरच्या एप्रिल-मेमध्ये स्कूटीवर हिंडणार असाल तर पील पुढे ढकला. एवढं ऐकून निम्म्या जणी म्हणतात, "इतना टाइम कहाँ है!" आणि पार्लर गाठतात.

इथवर दोघींचे फारसे दुमत नसते. ठिणगी पडते ती काकू वॉर्डाची आठवण काढतात तेव्हा.

काकू : मी प्लास्टिक सर्जरी पाहिली ती अशी. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई, हनुवटी छातीला चिकटलेली. मान वर करता येत नाही, तोंड मिटत नाही, लाळ गळते. ती आखडलेली कातडी सोडवायची, मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावायची, मग गळ्याला पट्टा, दाबाचे कपडे दिवसरात्र, वर्षवर्षभर. किंवा ओठ दुभंगलेलं तीन महिन्यांचं पोर. याला मी प्लास्टिक सर्जरी म्हणते. हनुवटीवरचे चार केस आणि नाकाचा शेंडा, हा शृंगार झाला. करा, पण त्याला वैद्यकी म्हणू नका.

पुतणी : सरकारही तुझ्यासारखंच म्हणतं. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात, इजा, यांसाठी प्लास्टिक सर्जरी केली तर जीएसटी माफ. दिसण्यासाठी केली, किंवा केस लावून घेतले, तर कर भरा. विमाही मिळत नाही. पण काकू, ही रेघ ओढायची कोणी? हनुवटीवर दाढीसारखे केस असलेली शाळेतली मास्तरीण माझ्यासमोर बसते. पीसीओएस आहे, संप्रेरकांचा बिघाड. रोज पहाटे उठून, घरच्यांच्या आधी, दाढी करते. वर्गात ओढणी हनुवटीपर्यंत. तिला मी काय सांगू, की तुझा त्रास भाजलेल्या बाईएवढा नाही, तेव्हा घरी जा?

काकू : त्रास मी नाकारत नाही. पण नाक नसलेला माणूस आणि नाक आवडत नसलेला माणूस यांत फरक आहे.

पुतणी : लहानपणी तूच आम्हाला कावसजीची गोष्ट सांगायचीस.

ही गोष्ट नागपूरच्या त्या वॉर्डात सगळ्यांना पाठ असावी. तिथे डॉ. सी. बालकृष्णन यांनी 1958 साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. दुभंगलेल्या ओठ-टाळूची त्यांनी केलेली विभागणी आजही नागपूरच्या नावाने ओळखली जाते. कावसजीची हकीकत मात्र पुण्याची आहे आणि त्याच्याही सुमारे एकशे पासष्ट वर्षे आधीची. 1792च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794च्या अंकात कावसजीच्या चित्रासह सगळी रीत छापून आली.

रीत अशी. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक दुवा राखायचा, म्हणजे रक्त पोचत राहते. मग ती कातडी उलटवून खाली आणायची आणि नाकाच्या जागी खाचेत बसवायची. टाके नाहीत. पानात घालतो तो कात पाण्यात कालवायचा, कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चढवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली चिंधी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे त्या मिटणार नाहीत. भुवयांमधला दुवा कापायचा तो साधारण पंचविसाव्या दिवशी. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक सांगितले आहे. इथे कपाळाची वापरली होती. ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपातल्या शल्यविशारदांना ती वाट मोकळी झाली.

पुतणी : आता सांग. कावसजीला श्वास घेता येत होता. जेवता येत होतं. कंपनीकडून निर्वाहाची सोय झाली होती. हात गेला होता तो परत येणार नव्हता. तरी त्याने महिनाभराचं हे दुखणं कशासाठी पत्करलं? बेहोशीचं औषध नव्हतं त्या काळात. लोकांत तोंड दाखवता यावं, एवढ्यासाठीच ना?

काकूंना हे उत्तर अपेक्षित नसते असे नाही, पण दर वेळी त्या क्षणभर विचार करतात. माझ्या मते पुतणीचा हा मुद्दा खोडता येणारा नाही. चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपल्या मुलखात वाढली तीच मुळी अब्रूसाठी; नाक कापणे ही शिक्षाच अब्रू घेण्याची होती. गरज आणि हौस यांची भिंत कागदावर जेवढी सरळ दिसते तेवढी ती माणसाच्या मनात नसते.

काकू : बरं, मानलं. पण त्याच गोष्टीतलं एक तू विसरतेस. कपाळावरचा व्रण. त्या अंकात काय लिहिलंय? बऱ्याच काळाने तो फारसा दिसत नाही, इतकंच. दिसणारच नाही असं कोणी म्हटलेलं नाही. कावसजीला माहीत होतं, की नाक हवं तर कपाळ द्यायचं आणि महिना द्यायचा. तुमच्याकडे येणाऱ्याला हे माहीत असतं? वॉर्डात प्रत्येक बाई मला विचारायची, "पहिल्यासारखं होईल ना, सिस्टर?" सुरुवातीला मी "हो हो" म्हणायचे, बरं वाटावं म्हणून. आमच्या मोठ्या सिस्टरनी एकदा बाजूला घेऊन झापलं. म्हणाल्या, "मान वळेल, तोंड मिटेल, हात वर जाईल. कातडी पहिल्यासारखी होणार नाही, ठिगळ दिसेल, असं सांगायचं." तेव्हापासून तसंच सांगितलं. ऐकून रडायच्या. पण नंतर, मान वळायला लागली की, खूश व्हायच्या. ज्यांना आधी खोटं सांगितलेलं असायचं त्या मान वळूनही दुःखीच.

इथे मी काकूंच्या बाजूने आहे, आणि पुतणीही मनातून असावी, कारण यानंतर तिने जे सांगितले ते विक्री करणाऱ्याच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

पुतणी : मास्तरणीला मी सांगितलं, की लेझरने केस कायमचे जात नाहीत, कमी होतात. बारीक होतात, उशिरा येतात. लेझर फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसाला लागतं, आणि सगळे केस एका वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी एकदा, अशा सहा-आठ बैठका. चेहऱ्यावर जास्तही लागतात. मध्ये वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरने धरायचं काय? दाढी चालेल. पांढऱ्या केसाला उपयोग नाही. सावळ्या कातडीला लांब तरंगलांबीचं एनडी-याग मशीन जास्त सुरक्षित, ते वरच्या रंगाला कमी धरतं आणि खोल मुळाशी जातं. चुकीचं मशीन, नाहीतर चुकीची ताकद, की भाजलंच. आणि पीसीओएसचा इलाज समांतर चालला नाही तर नवे केस येत राहणार, वर्षातून एक-दोनदा यावंच लागणार. काहींना, विशेषतः गाल-मानेवर, उलट जास्त केस येतात. क्वचित, पण येतात.

काकू : आणि हे सगळं ऐकूनही आली ती?

पुतणी : आली. म्हणाली, रोजची दाढी आठवड्यावर आली तरी पुष्कळ झालं.

नाकाच्या शस्त्रक्रियेचे तेच. जबलपूरची बरीच मंडळी त्यासाठी नागपूर नाहीतर भोपाळ गाठतात, आणि टाके काढले की संपले असे समजून परततात. नाकावरचा साचा आठवडाभराने निघतो. डोळ्यांखालची काळी-निळी सूज दोन आठवडे राहते. नाकाच्या शेंड्याची सूज मात्र उतरायला वर्ष लागू शकते, आणि आपल्याकडे शेंड्यावरची कातडी अनेकदा जाड असल्याने आतला बदल बाहेर उमटायला आणखी वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यात आरशात बघून "बिघडलं" म्हणणाऱ्याला शल्यविशारद थांबायला सांगतो ते टाळण्यासाठी नव्हे. काहींना दुसरी शस्त्रक्रिया खरोखर लागते, पण ती वर्ष उलटल्यावर.

लायपोसक्शनबद्दल पुतणीचे एकच वाक्य असते : वजन कमी करायला येऊ नका, ठरावीक जागेचा हट्टी मेद काढायला या. तरुण मुलांच्या छातीवरच्या वाढीसाठी हा उपचार हल्ली पुष्कळ होतो, आणि पोहायला, शर्ट काढायला लाजणाऱ्या त्या मुलांना त्याचे समाधानही चांगले मिळते. घट्ट पट्टा मात्र चार-सहा आठवडे घालावा लागतो.

मुरुमांच्या खड्ड्यांना सुयांचे रोलर, लेझर, खड्ड्याला आत ओढणारे दोर खालून सोडवणे असे उपाय आहेत. खड्डा उथळ होतो, बुजत नाही.

बोटॉक्सवर काकूंना बोलायलाच आवडत नाही. पुतणी सांगते : चार-पाच दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. फिलर त्याहून टिकतो, पण धोकाही मोठा. भरलेला पदार्थ रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, क्वचित डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. हायलुरोनिक ॲसिडचा फिलर विरघळवणारे इंजेक्शन ज्याच्या कपाटात तयार नाही, त्याच्याकडून फिलर घेऊ नये.

काकू : हे सगळं तू मला सांगतेस. समोर बसलेल्याला सांगतेस का, महिनाअखेरीला?

पुतणी : टार्गेट असतं, काकू. नाही म्हणत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सहा बैठकांचं पॅकेज एकदम भरून घ्यावं असं वाटतं. आणि गोरं करणारं इंजेक्शन मागणारे तर रोज येतात. ग्लुटाथिओन. आमच्या डॉक्टर ते देत नाहीत म्हणून मी सुटते. गोरेपणासाठी त्याला आपल्याकडे मान्यताच नाही. दुसरीकडे मिळतं, लोक तिकडे जातात.

काकू : गोरं, गोरं, गोरं. तुमचा अर्धा धंदा त्यावर चालतो.

पुतणी : आणि मागणी कुठून येते? दादासाठी स्थळं बघत होतीस तेव्हा "शिकलेली आहे, पण सावळी आहे" हे कोण म्हणालं होतं?

काकू : मी म्हणाले होते. त्यावर मुलीच्या आईने तिला सुया टोचायला नेलं नव्हतं, एवढंच.

पुतणी : कारण तेव्हा सुया नव्हत्या. हळद-साय होती. दुखणं तेच होतं, औषध आता जास्त जालीम झालंय.

हा वाद इथे कडवट होतो, आणि व्हायलाच हवा. काकू एक गोष्ट मात्र फार चांगली सांगतात : आपल्या दंडाच्या आतल्या बाजूचा, ऊन न लागलेला रंग बघा. उन्हाने काळवंडलेला चेहरा काळजीने तिथपर्यंत येऊ शकतो. त्याच्या पलीकडे सुरक्षितपणे नेणारे औषध नाही. जे नेण्याचे वचन देते ते बहुधा काहीतरी बिघडवून नेते.

बिघडवणारे सगळ्यात स्वस्त साधन औषधाच्या दुकानात मिळते, आणि मला या लेखात सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते याच्याबद्दल. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे तीन घटक असलेली ट्यूब. वांगासाठी डॉक्टर ती काही आठवडे, देखरेखीखाली देतात. चेहरा पंधरा दिवसांत असा उजळतो की बाई ती सोडत नाही. मग बहीण, जाऊ, शेजारीण तीच ट्यूब मागवतात. वर्षभराने कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे, मुरूम, नको तिथे केस. ट्यूब बंद केली की चेहरा आगीसारखा पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे ओरड केल्यावर 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. चिठ्ठी किती दुकानदार मागतात ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

काकू : आमच्याकडे काम करायला येणारीच्या पर्समध्ये आहे ती ट्यूब. मी काढून घेतली तर म्हणाली, "मेमसाब, इसके बिना चेहरा जलता है."

पुतणी : एकदम काढून नको घेऊस. तिला डॉक्टरांकडे पाठव, हळूहळू उतरवतात. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत केस पेपर काढला की झालं.

या एका ठिकाणी दोघींचे सूर जुळतात. त्याहून भयंकर प्रकार बिनलेबलाच्या डब्यातल्या क्रीमचा. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी स्थानिक ठिकाणाहून आणलेले उजळपणाचे क्रीम लावले आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण आढळले. पारा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा उजळतो. कातडीतून तो आत शिरतो आणि मूत्रपिंडाला धरतो. चेहऱ्याला लावलेले औषध चेहऱ्यापुरतेच राहते, हा समज यानंतर तरी सुटावा.

काकू : म्हणून म्हणते, नादी लागू नका.

पुतणी : नादी लागू नका म्हणून कोणी थांबत नाही. तू ओरडतेस म्हणून मुली तुला विचारत नाहीत, पार्लरवाल्या दीदीला विचारतात. ती ओरडत नाही ना! शेजारची ती तुला विचारायला आली असती, तू तीस वर्षं कातडीच बघितली आहेस. का नाही आली? कारण "लग्नाआधी हे काय नखरे" हे ऐकावं लागलं असतं.

काकूंनी यावर जे उत्तर दिले ते मला फार पटले नाही. त्या म्हणाल्या, की मोठ्यांनी टोकलेच पाहिजे. टोकण्याने माणसे गप्प होतात, थांबत नाहीत. पुरुषांचे तर अधिकच. टक्कल पडू लागलेला मुलगा घरात कुणाला न सांगता केस लावून घेतो, आणि दोन-चार आठवड्यांत लावलेले केस गळू लागले की घाबरतो. ते गळतातच. मूळ आत राहते, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येऊ लागतात, पुरते रूप यायला नऊ महिने ते वर्ष लागते. हे त्याला आधी माहीत असायला हवे होते. आणि हेही, की केसांचे रोपण ही शस्त्रक्रिया आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली स्पष्ट केले, की कार्यशाळा बघून किंवा यूट्यूब पाहून तिचे पुरेसे शिक्षण होत नाही. हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे, म्हणजे प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांचे. बधिर करण्याच्या औषधाची उलटी प्रतिक्रिया आली तर पाच मिनिटांत काय करायचे हे खोलीत कुणाला तरी येत असले पाहिजे.

शेवटी काकू शेजारी गेल्या. कोरफडीचा आणि लिंबाचा प्रयोग चालला होता तो त्यांनी बंद करवला, पापुद्र्याला हात लावायचा नाही म्हणून बजावले, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले. पुतणीने तिला आपल्या डॉक्टरांना दाखवले, तेही पैसे न घेता. लग्नात डाग होता. मेकअप करणारीने तो बऱ्यापैकी झाकला. डॉक्टरांनी चार-सहा महिने धीर धरायला सांगितले आहे.

ज्यांच्या घरात असे काही ठरते आहे त्यांना माझे सांगणे आहे. ठरवणाऱ्याला टोकू नका, त्याच्याबरोबर जा. त्वचेच्या उपचाराला एमडी, डीएनबी किंवा त्वचारोगातली पदविका असलेला डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जरीला एमसीएच किंवा त्या विषयातला डीएनबी झालेला सर्जन, एवढे आधी पाहून घ्या. 'कॉस्मेटॉलॉजी'चे महिन्या-दोन महिन्यांचे प्रमाणपत्र म्हणजे ही पदवी नव्हे. मुलीला गर्भधारणेचा विचार असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, जखमेवर गाठीसारखा व्रण उठण्याची सवय असेल, ओठांवर वारंवार फोड येत असतील, तर न विचारता सांगा. लग्नाची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. फरक किती पडेल, किती दिवस टिकेल, काय राहून जाईल आणि बिघडले तर दुरुस्त कोण करेल, हे सगळे ऐकून घ्या. आणि पैसे भरण्याआधी, सुई किंवा लेझर प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल त्या डॉक्टरचे नाव, नोंदणी क्रमांक आणि रात्री लागणारा फोन नंबर कागदावर लिहून मागा. कागद मिळाला नाही तर उठून घरी या.